बोटीच्या ट्रेलरचं हब गळतंय: सील नवीन, तरी चाकाच्या आतून ग्रीस

सरोवरकर:
मिनेसोटा. १७ फुटी ॲल्युमिनियमची बोट, ट्रेलरला एकच ॲक्सल, ३५०० पाउंडांचा, ब्रेक नाहीत. ॲक्सलच्या टोकाला रबरी बूच आणि आत ग्रीस निप्पल. उजव्या रिमच्या आतल्या बाजूला आणि टायरच्या आतल्या भिंतीवर ग्रीसचे फराटे आहेत. बाहेरची टोपी कोरडी, डावं चाक स्वच्छ. उजव्या बाजूचं सील एप्रिलमध्ये बदललं होतं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. सील परत बदलावं की सरळ अख्खं हब (चाक ज्यावर बसतं तो भाग)?

मिस्त्री_मिशिगन:
दोन्ही नको, आधी सील का गेलं ते शोधू. सील रबराचं आणि स्वस्त, ते सहसा दुसऱ्याच्या पापाने मरतं. चार गोष्टी सांगा:
१. ग्रीस कोणत्या रंगाचं बाहेर येतंय आणि घट्ट आहे की पातळ?
२. निप्पलमधून ग्रीस कशाने भरलं? हाताच्या गनने की बॅटरीवरच्या?
३. सील काढल्यावर स्पिंडलवर (ॲक्सलच्या टोकाचा दांडा, ज्यावर हब फिरतं) सील बसते ती जागा नखाने चाचपली होती का?
४. नव्या सीलवरचा नंबर काय?

सरोवरकर:
ग्रीस जांभळट, पातळ, जवळपास ओघळतंय. आधी लाल होतं, एप्रिलमध्ये निळं भरलं. बॅटरीची गन. स्पिंडल फडक्याने पुसलं, नखाने नाही पाहिलं. सीलवर १०-१९ असं आहे.

मिस्त्री_मिशिगन:
मग तीन संशयित आहेत आणि तिघं एकत्रही असू शकतात.

पहिला, मिसळलेलं ग्रीस. लाल-निळा हा फक्त रंग असतो. आत काय आहे ते रंगावरून कळत नाही, डब्यावरचं वाचावं लागतं: लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम सल्फोनेट, पॉलियुरिया, की क्ले. लिथियममध्ये क्ले किंवा पॉलियुरिया मिसळलं की बहुधा दोन्ही मऊ पडतात, तेल सुटतं आणि ते सीलच्या लिपखालून, म्हणजे स्पिंडलला टेकणाऱ्या रबरी कडेखालून, निघतं. तुमचं 'ओघळतंय' हे वर्णन तिकडे बोट दाखवतं.

दुसरा, बॅटरीची गन. ग्रीस गनचा दाब हजारो पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच) जातो आणि सीलची लिप त्याच्यापुढे कागद आहे. तुमच्या प्रकारच्या ॲक्सलमध्ये ग्रीस निप्पलमधून स्पिंडलच्या आतल्या भोकातून मागे जातं, सील आणि आतल्या बेअरिंगच्या मधे बाहेर पडतं, तिथून आतलं बेअरिंग, मग पोकळी, मग बाहेरचं बेअरिंग असं पुढे येतं. म्हणजे गनचा पहिला दाब थेट सीलच्या पाठीवर. चाक फिरवत, हाताच्या गनने, सावकाश भरलं तर ग्रीसला बेअरिंगमधून पुढे सरकायला वाट मिळते. चाक उभं आणि गन दाबून धरली तर सील उलटतं.

तिसरा, स्पिंडल. तो उघडल्याशिवाय कळणार नाही.

खाऱ्यापाण्यातला:
मध्येच घुसतो. मी टेक्सासच्या किनाऱ्यावर. आमच्याकडे प्रश्न बाहेर येणाऱ्या ग्रीसचा कमी आणि आत जाणाऱ्या पाण्याचा जास्त. टोपी काढा आणि आत दुधाळ, कॉफीत दूध टाकल्यासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. कारण साधं: हायवेवरून आलेलं हब गरम, रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायचा उतार) एकदम थंड पाण्यात. आतली हवा आकसते, पोकळी पाणी ओढते.

हिशोबच करा. हब ६० अंश सेल्सियसवर आणि पाणी १० वर धरलं तर आतल्या हवेचा दाब जास्तीत जास्त सुमारे १५ टक्के पडतो, म्हणजे दोन पीएसआयच्या वर. त्यात दोन फूट पाण्याखालचा दाब जवळपास एक पीएसआय. तीन पीएसआयचा रेटा सीलला बाहेरून आत लागतो, आणि ट्रेलरचं सील ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं असतं. स्प्रिंग आणि पिस्टन असलेल्या टोप्या, बेअरिंग बडी वगैरे, आत सुमारे तीन पीएसआय ठेवतात ते याचसाठी.

उपाय फुकट आहे. रॅम्पवर पोचल्यावर वीस मिनिटं थांबा. बोटीचे पट्टे सोडा, लाइटची वायर काढा, तोवर हब निवतं.

वल्हवणारी:
त्या स्प्रिंगवाल्या टोप्यांबद्दल एक गैरसमज फार आहे. त्यात ग्रीस समोरून जातं. बाहेरच्या बेअरिंगच्या पुढे साठतं, दाब टिकतो, पाणी अडतं. पण मागच्या बेअरिंगचं जुनं ग्रीस बदलत नाही. 'टोपी आहे, मग बेअरिंग उघडायची गरज नाही' हे चूक. आणि पिस्टन जरा बाहेर सरकला की गन थांबवायची. शेवटपर्यंत भरत राहिलात तर मागचं सील हळूहळू ग्रीस बाहेर टाकणारच, मग 'सील खराब' असं लिहिलेले धागे येतात.

मिस्त्री_मिशिगन:
बरोबर. आता सरोवरकरांच्या ॲक्सलवर या. उघडायचा क्रम:

ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्या, दुसऱ्या चाकाला उटी. लग नट (चाकाचे नट) चाक जमिनीवर असतानाच सैल करा. जॅक ॲक्सलच्या मधोमध लावू नका, पोकळ नळी वाकते. पाटा जिथे यू-बोल्टने बांधलाय तिथे किंवा फ्रेमखाली लावा. टॉर्शन ॲक्सल (पाट्याऐवजी आत रबर असलेला) असेल तर फ्रेमच. खाली स्टँड द्या, जॅकवर विसंबून हात घालायचा नाही.

चाक उचलल्यावर काढण्याआधी बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड वाटली तर नट सैल किंवा बेअरिंग गेलं. मग फिरवून कान द्या. खरखर म्हणजे कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) खड्डे.

टोपी हातोडीने चारही बाजूंनी टकटक करत काढा, एका जागी टॉमी घालून नको, कड वाकते. कॉटर पिन, कॅसल नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग. मग हब सरळ ओढा. काही लोक नट परत लावून हब झटक्याने ओढतात म्हणजे सील आणि मागचं बेअरिंग एकदम निघतं. निघतं खरं, पण बेअरिंगची जाळी वाकते. ते बेअरिंग मग फेकायचं असेल तरच ही युक्ती.

सगळं रॉकेलमध्ये धुवा. बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने भिरभिरवू नका, कोरडं बेअरिंग त्या वेगाला लगेच ओरखडतं, आणि रोलर उडाला तर डोळा जाईल.

आता काय दिसतंय ते लिहा. खास करून सील बसते तिथला स्पिंडलचा भाग.

सरोवरकर:
उघडलं. रोलर आणि कप चकचकीत, दोन्ही बेअरिंग ठीक वाटतात. सीलची लिप एका जागी बाहेर उलटली आहे, मागची बारीक स्प्रिंग खाचेतून निघालेली. स्पिंडलवर जिथे लिप फिरते तिथे गोल चर आहे, नख अडकतं. डावी बाजू उघडली नाही.

मिस्त्री_मिशिगन:
हेच ते. उलटलेली लिप म्हणजे गनचा दाब. आणि चर असल्यामुळे तो दाब नसता तरी नवं सील फार टिकलं नसतं. एप्रिलमध्ये जुन्या सीलने कोरलेल्या खड्ड्यावर नवं सील बसवलं गेलं, लिप पूर्ण घेराला टेकलीच नाही.

चराचे तीन मार्ग, स्वस्तापासून:

नख जेमतेम अडकत असेल तर ३२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोड्या तेलावर. पट्टी बुटाला पॉलिश करतात तशी गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक ओरखडा ग्रीससाठी बोगदा होतो.

चर ठळक असेल पण हबमध्ये जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर कमी खोल बसवा. लिप नव्या, न घासलेल्या जागेवर येते. आधी कोरडं बसवून पाहा की सीलची पाठ कशावर घासत नाही.

नाहीतर पातळ स्टेनलेसची बाही. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह म्हणतात ती सुमारे ०.२८ मिलिमीटर जाडीची, त्यामुळे सीलचा माप तोच राहतो. व्हर्नियरने स्पिंडल चर नसलेल्या जागी तीनदा मोजा आणि त्या मापाची घ्या. ढकलायला बरोबर नळी येते. तिरकी बसली की ती पत्र्यासारखी चुरगळते, परत वापरता येत नाही. चरात आधी थोडं एपॉक्सी भरलं तर बाही पोकळीवर बसत नाही.

मापं, ३५०० पाउंडांच्या नेहमीच्या स्पिंडलसाठी: आतलं बेअरिंग एल६८१४९ कप एल६८१११, बाहेरचं एल४४६४९ कप एल४४६१०, सील आतून १.७१९ इंच, बाहेरून २.५६५. बाहेरच्या कपाचा व्यास १.९८ इंच, टोपीही त्याच भोकात बसते म्हणून तीही १.९८. पण ट्रेलरच्या कंपनीवरून गृहीत धरू नका, स्पिंडल मोजूनच मागवा. १ इंच आणि १.०६२५ इंचाचे सरळ स्पिंडलही असतात, त्यांची बेअरिंग आणि सीलं निराळी.

मांडवीकाठ:
गोव्यातून. इथे आयात केलेल्या ट्रेलरला हीच बेअरिंग आहेत. बेअरिंगच्या दुकानात एल६८१४९ मागितलं की मिळतं, सील मिळत नाही. दुकानदार ४५-६५ मिलिमीटरचं देतो, 'तेच आहे' म्हणतो. चालेल का?

मिस्त्री_मिशिगन:
नाही. १.७१९ इंच म्हणजे ४३.६६ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ६५.१५, तो जवळपास जुळतो आणि फसगत तिथेच होते: हबमध्ये ४५-६५ चपखल बसतं, ठोकताना समाधानही वाटतं, पण ४५ च्या शाफ्टसाठी केलेली लिप १.३ मिलिमीटर बारीक स्पिंडलवर नुसती टेकलेली राहते. एका हंगामात समुद्राचं पाणी आत.

तुमच्याकडे लेथ सहज मिळत असेल तर उलटा मार्ग घ्या. स्टेनलेसची बाही, बाहेरून ४५.०० ला घासून पॉलिश केलेली, आतून स्पिंडलपेक्षा किंचित बारीक, तापवून चढवायची. भिंत पाऊण मिलिमीटरच्या आत येते, म्हणून हात बसलेला कारागीर हवा. मग ४५-६५ चं सील खरंच बरोबर होतं. जाडी तेवढी मोजा.

आणि दुकानात कपाचा शेवटचा आकडा वाचा! एल६८१४९ च्या जोडीला दोन कप येतात. एल६८१११ बाहेरून ५९.९७ मिलिमीटर, एल६८११० मात्र ५९.१३. ट्रेलरच्या हबला पहिला लागतो. दुसरा हातानेच आत जातो आणि लोक म्हणतात 'वा, किती सहज बसला'. तो हबमध्ये फिरत राहतो आणि हब खातो.

मांडवीकाठ:
माझ्या खोक्यावर एल६८१४९/१० आहे.

मिस्त्री_मिशिगन:
परत करा.

तेलकट:
ग्रीसपेक्षा ऑइल बाथ (हबमध्ये ग्रीसऐवजी तेल) बरा असं माझं मत, पण गळतीचं निदान तिथे वेगळं, म्हणून लिहितो. पारदर्शक टोपीतून तेलाची पातळी दिसते, ८०-डब्ल्यू-९० सारखं गिअर ऑइल, ट्रेलर सपाट जागी उभा असताना साधारण स्पिंडलच्या मध्यापर्यंत. वरपर्यंत भरू नका, गरम झाल्यावर फुगायला जागा लागते. भरल्यावर चाक फिरवा, थांबा, पुन्हा बघा, कारण तेल बेअरिंगमधून मागे जायला वेळ घेतं. नवशिके इथेच 'गळतंय' म्हणून घाबरतात.

पातळी खरंच उतरली तर आधी समोर पाहा: टोपीची ओ-रिंग, मधलं रबरी बूच. त्यानंतर मागचं सील. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, रिमवरचा ओघळ हुंगला तरी कळतं. तेल दुधाळ झालं तर पाणी गेलंय, त्याच दिवशी काढा.

ग्रीसचं हब ऑइलवर न्यायचं असेल तर आतला ग्रीसचा कण न कण काढावा लागतो आणि स्पिंडल निर्दोष हवं. चरातून ग्रीस झिरपतं, तेल धावतं.

खाऱ्यापाण्यातला:
तेलकट, ते तळ्यावर ठीक. खाऱ्या पाण्यात सील फाटलं तर ऑइल बाथ काही मैलांत रिकामा होतो. ग्रीस निदान घरापर्यंत नेतं.

तेलकट:
मान्य. पण ऑइल बाथमध्ये बिघाड टोपीतून आधी दिसतो. ग्रीसमध्ये चाक जाम होतं तेव्हा दिसतो.

वल्हवणारी:
या वादाला अंत नाही. ज्यांच्या ट्रेलरला ब्रेक आहेत त्यांच्यासाठी भर घालते. चाकाच्या आतला ओघळ दरवेळी हबचाच नसतो. ब्रेक व्हील सिलिंडर गळला तरी तिथेच दिसतो. ओळखायचं असं: ब्रेक फ्लुइड पातळ, फिकट, पाण्याने धुतलं जातं आणि रंग उचलतं. ग्रीस किंवा गिअर ऑइल पाण्याने हलत नाही. बोटावर घेऊन नळाखाली धरा, अर्ध्या मिनिटात निकाल.

आणि ब्रेक शूजवर ग्रीस गेलं तर पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही. अस्तर आतपर्यंत पितं, तापलं की परत वर येतं. दोन्ही चाकांचे शूज बदला, एकाच बाजूचे बदलले तर ट्रेलर ब्रेक लावताना तिरका ओढतो. ड्रम मात्र ब्रेक क्लीनरने साफ होतो.

सरोवरकर:
बाही मागवली, बसली. आता जोडणी. बेअरिंग तीच ठेवतोय. सील कोणत्या तोंडाने आणि नट किती आवळायचा?

मिस्त्री_मिशिगन:
बेअरिंग ठेवताय तर कप पुन्हा उजेडात फिरवून पाहा. रोलरच्या अंतरावर आडव्या करड्या रेषा असतील तर ते पाण्यात उभं राहिल्याचं लक्षण, निळसर किंवा पिवळट झाक म्हणजे तापलं होतं. एकही रेषा नखाला लागली तर कोन (बेअरिंगचा रोलर असलेला आतला भाग) आणि कप जोडीने बदला. नवा कोन जुन्या कपात घालू नये. कप काढायला पितळी सळई, बसवायला जुना कप कापून त्याचा ड्रिफ्ट करता येतो. पूर्ण टेकला की हातोडीचा पोकळ आवाज जाऊन भरीव, कडक येतो.

डाव्या-उजव्या बेअरिंगांची अदलाबदल करू नका, प्रत्येक कोन ज्या कपात फिरला त्याच कपात.

ग्रीस: जुनं दोन्ही प्रकारचं पूर्ण धुऊन एकच घ्या, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर), मरीन. निप्पलच्या वाटेतलंही काढा, नाहीतर निळं-लाल पुन्हा मिसळेल. हबच्या आधी नुसत्या स्पिंडलमधून नवं ग्रीस दाबत राहा, रंग एकसारखा येईपर्यंत. कोन तळहातावर ग्रीसच्या गोळ्यात रुंद बाजूने दाबा, रोलरच्या फटींतून अरुंद बाजूला ग्रीस डोकावलं पाहिजे, सगळीकडून. १४ औंसांच्या दोन नळ्या जवळ ठेवा.

सील: आधी मागचं बेअरिंग आत, मग सील, स्प्रिंगची बाजू बेअरिंगकडे. लिपला ग्रीस चोपडा, कोरडी लिप पहिल्या मैलातच भाजते. सपाट लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मधोमध. कडेवर एकेक फटका मारत गेलात तर ते तिरकं बसून गळतं. स्पिंडलच्या खांद्यांवरून हब सरकवताना हब पेलून धरा, वजन लिपवर येऊ देऊ नका.

नट: डेक्स्टर या ॲक्सल कंपनीच्या मॅन्युअलमधली पद्धत अशी. हब फिरवत नट ५० फूट-पाउंडपर्यंत, मग हब न फिरवता नट पूर्ण सैल, मग नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे आणा, पुढे नाही. प्ले (हबची आत-बाहेर हालचाल) ०.००१ ते ०.०१० इंच. चाक धरून किंचित हालचाल जाणवली तर ती दोष नाही. सुरक्षित राहावं म्हणून पान्ह्याने आवळलेला नट बेअरिंग तापवतो, ग्रीस पातळ होतं आणि आपण पुन्हा सीलला दोष देतो. कॉटर पिन नवीनच.

टोपी लावण्याआधी हाताच्या गनने, चाक फिरवत, आतल्या पोकळीतली हवा निघेपर्यंत भरा. समोरच्या बेअरिंगमधून ग्रीस दिसलं की बस.

लग नट अर्ध्या इंचाच्या स्टडला ९० ते १२० फूट-पाउंड, ताऱ्याच्या क्रमाने, तीन टप्प्यांत. १०, २५ आणि ५० मैलांनी परत बघा.

सरोवरकर:
१५ मैल चालवून आलो. दोन्ही हब कोमट, हात ठेवता येतो. उजव्या बाजूला सीलच्या कडेला ग्रीसची केसासारखी बारीक कड दिसते. घाबरू का?

मिस्त्री_मिशिगन:
पुसा, आणि सीलभोवती, रिमच्या आत, खडूची पूड किंवा टाल्कम उडवा. पुढच्या ५० मैलांनी पाहा. फक्त सीलच्या कडेला ओली वर्तुळाची रेघ आली तर लिपला चोपडलेलं ग्रीस आहे, थांबेल. पुडीतून बाहेरच्या दिशेने किरणांसारखे फराटे आले तर बाही किंवा सील तिरकं आहे.

सरोवरकर:
६० मैल. नुसती रेघ. रिम कोरडी.

वल्हवणारी:
एक राहिलं. मिनेसोटात ट्रेलर पाच-सहा महिने उभा असतो. हंगाम संपला की हब उघडून पाणी नाही ना बघा, ऑक्टोबरमध्येच. वसंतात उघडलं तर त्या करड्या रेषा तोवर पडून झालेल्या असतात. आणि ट्रेलर धुताना प्रेशर वॉशर मागच्या सीलवर धरू नका.

सरोवरकर:
डाव्या बाजूचं ग्रीसही तेच मिसळलेलं आहे. ते सील कोरडं आहे, तरी उघडू?

मिस्त्री_मिशिगन:
हो. सील नवीन, बाही चर निघाला तरच. आतापर्यंत चर उजव्याच बाजूला दिसलाय. पण त्या बाजूचं स्पिंडलही नखाने चाचपा.